नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास : एम.ए. की एम.एड.?

शाळांचे निकाल लागून नवे वर्ष सुरू होण्याच्या सुमारास आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुधा आपल्याच धर्मग्रामांतील शिक्षक-शिक्षिका असतात. दहा-बारा वर्षांची नोकरी झालेली असते, घरी मुले शाळेत जाऊ लागलेली असतात आणि मनात पुन्हा पुस्तक हाती धरण्याची इच्छा असते. प्रश्न असतो, "फादर, नोकरी सोडता येणार नाही, पण शिक्षणात मास्टर्स करायचे आहे. कुठे करू?"

या प्रश्नातील 'मास्टर्स' हा शब्दच पुष्कळ घोटाळ्याचे मूळ आहे. शिक्षण या विषयात आपल्याकडे दोन वेगवेगळ्या पदव्युत्तर पदव्या आहेत : एम.ए. (शिक्षणशास्त्र) आणि एम.एड. दोन्हींचे विषय बरेचसे सारखे दिसतात, दोन्हींत प्रबंधिका लिहावी लागते आणि दोन्ही पदव्यांनंतर माणसाला 'शिक्षणात पदव्युत्तर' असेच म्हटले जाते. परंतु त्यांच्यामागील नियम, त्यांत प्रवेश कोणाला मिळतो आणि पुढे त्यांतून काय साधते, यांत मोठे अंतर आहे. 'कुठे करू?' हे विचारण्याआधी 'कशासाठी करू?' याचे उत्तर मिळवले नाही, तर दोन-तीन वर्षे आणि गाठीचा पैसा खर्च करून माणूस नको त्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून या लेखात हा विषय थोडा विस्ताराने मांडत आहोत.

एम.एड. ही जुनी पदवी. मुंबई विद्यापीठाने ती १९३६ मध्ये सुरू केली आणि देशात तो पहिला मान याच विद्यापीठाकडे जातो. शिक्षकांना शिकवणारे शिक्षक तयार करणे, हा तिचा मूळ हेतू. त्यानंतर तीस वर्षांनी कोठारी आयोगाने (१९६४-६६) असे सुचवले की, शिक्षणशास्त्राकडे केवळ प्रशिक्षण महाविद्यालयातील कामकाज म्हणून पाहू नये. इतिहास, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र यांच्याप्रमाणे विद्यापीठातील एक स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून त्याचा अभ्यास व्हावा. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर भागातले, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते. एम.ए. (शिक्षणशास्त्र) ही पदवी याच विचाराच्या वाटेवरची आहे. एम.एड. हा व्यावसायिक अभ्यासक्रम असून तो राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एन.सी.टी.ई.च्या नियमांनी बांधलेला आहे. एम.ए. हा विद्याशाखीय अभ्यासक्रम आहे आणि त्यावर इतर एम.ए.प्रमाणे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम चालतात. सर्व फरकाचे मूळ येथे आहे.

एम.एड.ला प्रवेश घेण्यासाठी बी.एड. किंवा तत्सम पदवी किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण असावी लागते. डी.एल.एड. केलेल्या आणि नंतर पदवीधर झालेल्या प्राथमिक शिक्षकांनाही ही वाट खुली आहे. मात्र दोन्हींत प्रत्येकी ५० टक्के गुण हवेत. एम.ए. (शिक्षणशास्त्र) या पदवीला बी.एड.ची अट सर्वत्र नसते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे 'इग्नू'त, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ती करता येते. त्यामुळे परिचारिकांना शिकवणारी ट्यूटर, बँकेच्या प्रशिक्षण विभागातला अधिकारी, आदिवासी पाड्यांवर मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला कार्यकर्ता, पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनगृहातील संपादक अशांनाही ती करता येते.

आता नोकरीचा मुद्दा. २०१४ च्या नियमावलीने एम.एड. दोन वर्षांचे झाले. त्या नियमावलीत प्रत्येक वर्षी किमान २०० दिवसांचे कामकाज, आठवड्याला किमान ३६ तास, लेखी विषयांना ८० टक्के आणि क्षेत्रकार्याला ९० टक्के उपस्थिती असा दंडक घातलेला आहे. ज्या शिक्षिकेची शाळा सकाळी सात ते साडेबारा आणि जिचे महाविद्यालय दहा ते पाच, तिला हे दोन्ही एका वेळी प्रामाणिकपणे करता येणार नाही, हे सांगायला गणिती लागत नाही. रजा घेऊन किंवा संस्थेची परवानगी मिळवून ते करता येते आणि तसे करणारे आहेतही. परंतु "फी भरा, वर्गाला यावे लागणार नाही, हजेरीचे आम्ही पाहू," असे जेथे सांगितले जाते, तेथे शिक्षकांनी क्षणभर थांबावे. जी हजेरी आपण दिलेली नाही, तिची नोंद कोणीतरी खोटी करणार आहे. त्याच सुमारास आपल्या शाळेच्या हजेरीपटावरही आपली सही असणार आहे. एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन ठिकाणी आपण हजर होतो, असा पुरावा आपणच आपल्याविरुद्ध तयार करून ठेवत असतो. पुढे पदोन्नतीच्या वेळी कोणी तक्रार केली, तर पदवी आणि नोकरी दोन्ही अडचणीत येतात. यापलीकडचा मुद्दा असा की, मुलांच्या हजेरीबाबत काटेकोर असणाऱ्या शिक्षकाला हे शोभत नाही.

दूरस्थ पद्धतीने एम.एड. करता येईल का, असेही विचारले जाते. २०१४ च्या नियमावलीत दूरस्थ शिक्षणासाठी डी.एल.एड. आणि बी.एड. यांचे निकष आहेत; एम.एड.चे नाहीत. एन.सी.टी.ई.ने २०२५ च्या आरंभी नव्या नियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात एक वर्षाचे पूर्णवेळ एम.एड. आणि नोकरी करणारे शिक्षक व शिक्षण प्रशासक यांच्यासाठी दोन वर्षांचे अर्धवेळ एम.एड. सुचवले आहे. ही सूचना आम्हांला स्वागतार्ह वाटते. मात्र मसुदा म्हणजे नियम नव्हे. एखाद्या संस्थेने 'अर्धवेळ एम.एड.' अशी जाहिरात केली, तर त्या अभ्यासक्रमाला त्याच नावाने आणि त्याच वर्षासाठी एन.सी.टी.ई.ची मान्यता आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. राज्यातील नियमित एम.एड.चे प्रवेश सी.ई.टी. कक्षाच्या सामाईक परीक्षेतून होतात, हेही लक्षात असू द्यावे.

म्हणून नोकरी न सोडता शिकू इच्छिणाऱ्या बहुतेकांची वाट एम.ए. (शिक्षणशास्त्र) हीच ठरते. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इग्नूमध्ये ही पदवी किमान दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येते. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रांना, प्रवेश मिळतो. स्वाध्यायांना ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भारांश असतो. आपल्या राज्यातील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिक येथे सुरू झाले. तेथे मराठीतून शिकता येते आणि मराठी माध्यमाच्या शाळेत आयुष्य गेलेल्या शिक्षकांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. ज्यांनी इंग्रजीच्या धास्तीने शिक्षण थांबवले, त्यांनी ही वाट जरूर पाहावी.

मुंबईत याच क्षेत्रात एक वेगळा प्रयोग झाला. देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षण या विषयातील एम.ए. सुरू केले, ते मुख्यतः नोकरीत असलेल्यांसाठी. वर्षातील काही आठवडे संस्थेत राहून शिकायचे आणि उरलेला काळ आपल्या कामाच्या ठिकाणी राहून वाचन व लेखन करायचे, अशी त्याची दुहेरी रचना होती. मध्य प्रदेशातील 'एकलव्य' आणि राजस्थानातील 'दिगंतर' यांसारख्या, प्रत्यक्ष शाळांत काम केलेल्या संस्था त्याच्या उभारणीत सहभागी होत्या. नोकरी करणारा विद्यार्थी म्हणजे वेळ कमी असलेला दुय्यम विद्यार्थी नव्हे, तो अनुभव घेऊन आलेला विद्यार्थी आहे, ही दृष्टी त्या रचनेमागे होती. ती इतर विद्यापीठांनीही पूर्णपणे आत्मसात केली असती, तर बरे झाले असते.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीला किंमत नाही, हा समज आता सोडून द्यायला हवा. आयोगाने मान्यता दिलेल्या विद्यापीठाची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष आहे, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. समकक्ष म्हणजे मात्र एम.ए.शी समकक्ष. मुक्त विद्यापीठाचे एम.ए. हे कोणत्याही नियमाने एम.एड. होत नाही. अनेकांची फसगत होते ती याच ठिकाणी.

मग या पदवीने मिळते काय? येथे आम्ही थोडे रुक्ष होणार आहोत, कारण गोड बोलून कोणाचेही भले होत नाही.

पहिली गोष्ट, एम.ए. (शिक्षणशास्त्र) केल्याने कोणी शाळेत शिक्षक होण्यास पात्र होत नाही. माध्यमिक वर्गांसाठी बी.एड. हवे आणि पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. हवे. बी.एड.धारक प्राथमिक वर्गांसाठी पात्र धरता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. म्हणजे वरची पदवी खालची पायरी भरून काढत नाही. ज्यांना मुळात शिक्षकच व्हायचे आहे, त्यांनी आधी पायाची पदवी घ्यावी.

दुसरी गोष्ट मुख्याध्यापकपदाची. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी महाराष्ट्राच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीने पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव मागितला आहे. त्यातील किमान दोन वर्षे बी.एड.नंतरची असावीत. एम.एड.ची अट तेथे नाही. पदवीधर बी.एड. आणि पदव्युत्तर बी.एड. हे ज्येष्ठतेच्या एकाच प्रवर्गात येतात, तेव्हा एम.ए. झाल्यामुळे कोणी आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या पुढे जात नाही. आपल्या शाळांपैकी बहुतेक अल्पसंख्याक दर्जाच्या आहेत. अशा शाळेचा मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाने कळवलेल्या जास्तीत जास्त तीन व्यक्ती यांच्या नेमणुकीला त्या कायद्याच्या तरतुदी लागू होत नाहीत. याचा अर्थ असा की, आपल्याकडे मुख्याध्यापक निवडताना व्यवस्थापनाला गुणवत्तेचा विचार करण्याची अधिक मोकळीक आहे. ती मोकळीक अभ्यासू शिक्षकांच्या बाजूने वापरली जाते का, हा प्रश्न व्यवस्थापनाने स्वतःला विचारावा. आमच्या मते तो अधिक वेळा विचारला जायला हवा. शाळेचे प्रशासन हाच ज्यांचा उद्देश आहे, त्यांना मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका, शिक्षकांच्या तोंडी असलेले 'डी.एस.एम.', कमी वेळात अधिक उपयोगी पडू शकते.

अनुदानित शाळांतील शिक्षकांसाठी निवडश्रेणीचा मुद्दा महत्त्वाचा. सेवेच्या बारा वर्षांनंतर वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी, ही रचना सर्वांना परिचित आहे. निवडश्रेणीसाठी विहित प्रशिक्षणाबरोबरच अर्हता वाढवण्याचीही अट आहे आणि पुष्कळ शिक्षक पदव्युत्तर पदवीकडे वळतात ते यासाठीच. त्यात काहीही गैर नाही. मात्र कोणती पदवी कोणत्या पदाला ग्राह्य धरली जाते, हे स्टाफरूममधील चर्चेवर न सोडता शाळेमार्फत शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून लेखी मागावे. ते उत्तर प्रवेशाआधी मागावे, नंतर नव्हे.

तिसरी गोष्ट, बी.एड. महाविद्यालयात शिकवण्याची. येथे मात्र या पदव्यांचे खरे मोल आहे. २०१४ च्या नियमावलीनुसार, गणित किंवा मराठी अशा विषयाची अध्यापनपद्धती शिकवायची असेल, तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. हवे, दोन्हींत किमान ५५ टक्के. शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र असे पायाभूत विषय शिकवायचे असतील, तर एम.ए. (शिक्षणशास्त्र) आणि बी.एड., दोन्हींत ५५ टक्के, असाही पर्याय दिलेला आहे. म्हणजे बी.एड. झालेल्या आणि नोकरी करत मुक्त विद्यापीठातून एम.ए. केलेल्या शिक्षिकेला हे दार पूर्ण बंद नाही. अर्धे उघडे आहे. त्यातून आत जाताना नेट किंवा सेट परीक्षा आणि विद्यापीठाचे इतर नियम पाळावे लागतील. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि तिच्यात शिक्षणशास्त्र हा विषय आहे. पंचावन्न टक्क्यांचा आकडा मात्र पहिल्या दिवसापासून डोळ्यांपुढे ठेवावा. चौपन्न टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांची हळहळ आम्ही ऐकलेली आहे.

चौथी गोष्ट, या सर्वांच्या आधी काय करायचे याविषयी. पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी २०१० पासून शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टी.ई.टी., आवश्यक ठरली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, त्यापूर्वी नेमलेल्या ज्या शिक्षकांच्या सेवेची पाचपेक्षा अधिक वर्षे उरली आहेत, त्यांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे. ज्यांची पाचपेक्षा कमी उरली आहेत, ते सेवेत राहू शकतील, पण परीक्षेविना पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक शाळांना हा कायदा कितपत लागू, हा प्रश्न न्यायालयाने त्या वेळी मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. आपल्यातील अनेक शिक्षक सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा इतर व्यवस्थापनांच्या शाळांत आहेत. त्यांच्यावर ही मुदत धावत येत असेल, तर एम.ए.चा विचार एक वर्ष पुढे ढकलण्यातच शहाणपण आहे.

आता वेळेचा हिशेब. माहितीपत्रकात शुल्क लिहिलेले असते, तास लिहिलेले नसतात. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे साधारण ३० तास धरले जातात. पदव्युत्तर पदवी साधारण ६४ ते ८० श्रेयांकांची असते. ६४ धरले तरी १,९२० तास झाले. दोन वर्षांत पदवी मिळवायची, तर आठवड्याला साडेअठरा तास. चार वर्षांत मिळवायची, तर सव्वानऊ. जिच्या दिवसाची सुरुवात पहाटे पाणी भरण्याने आणि डब्यांनी होते आणि जी संध्याकाळी विरार लोकलच्या गर्दीतून परत येते, तिने साडेअठरा तास कोठून आणायचे? आमचा स्पष्ट सल्ला असा की, तीन वर्षांचा बेत करावा. दोन वर्षांचा हट्ट धरणारे पुष्कळदा पहिल्या सत्राचे स्वाध्याय कसेबसे देतात आणि दुसऱ्या सत्रात गळतात. सवलत दिलेली आहे, ती वापरण्यात कमीपणा नाही.

येथे घरच्या मंडळींनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. 'तिने शिकावे, आमची ना नाही,' असे म्हणणे सोपे असते. ना नसणे आणि रविवारच्या मिस्सानंतरचा स्वयंपाक आपण करणे, यांत फरक आहे. सव्वानऊ तास हे कोणाच्या तरी वाट्यातून येणार. ते केवळ तिच्या झोपेतून यावेत, हे न्यायाचे नाही.

इतके कष्ट करून शिकायचे तरी काय? वेतनश्रेणी बाजूला ठेवली, तर हाच प्रश्न महत्त्वाचा आहे आणि याचे उत्तर आम्हांला मोठे आनंदाचे वाटते.

एक साधे उदाहरण घेऊ. इयत्ता आठवीच्या दोन तुकड्यांतील १०० मुलांनी पर्यायी प्रश्नांची चाचणी दिली. आपण गुण देतो, सरासरी काढतो, निकाल लावतो आणि गठ्ठा कपाटात जातो. मूल्यमापन शिकलेला शिक्षक त्या गठ्ठ्याला प्रश्न विचारतो. तो उत्तरपत्रिका गुणांच्या क्रमाने लावतो आणि वरच्या २७ व खालच्या २७ बाजूला काढतो. सत्तावीस टक्क्यांचे हे प्रमाण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये मांडले. समजा, पाचव्या प्रश्नाचे उत्तर वरच्या गटातील २० आणि खालच्या गटातील ८ मुलांनी बरोबर लिहिले. दोन्ही मिळून ५४ पैकी २८. म्हणजे प्रश्नाचे काठिण्यमूल्य ०.५२, ना फार सोपा ना फार अवघड. दोन गटांतील फरक १२, त्याला २७ ने भागले की ०.४४, हे भेददर्शक मूल्य. ज्याला येते आणि ज्याला येत नाही, त्यांना हा प्रश्न चांगला वेगळा करतो. आता नववा प्रश्न पाहू. वरच्या गटातील १० मुलांचे उत्तर बरोबर आहे आणि खालच्या गटातील १३ मुलांचे. मूल्य शून्याच्याही खाली गेले. हुशार मुले चुकली आणि मागे पडणारी बरोबर आली, असे का झाले? बहुधा प्रश्नातील दोन पर्याय खरे वाटत होते आणि अधिक विचार करणारे मूल दुसऱ्या पर्यायाकडे गेले. अथवा तो भाग शिकवतानाच काही गफलत झाली होती. दोष मुलांचा नव्हता, हे त्या आकड्याने दाखवले. अर्ध्या तासाचे हे काम, बेरीज-भागाकारापलीकडे त्याला काही लागत नाही. परंतु ते एकदा करून पाहिलेला शिक्षक 'ही मुले अभ्यासच करत नाहीत' हे वाक्य पूर्वीइतक्या सहजपणे उच्चारत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याचेच. डहाणू, तलासरी, जव्हार भागांत वारली, कोकणा, कातकरी मुले पहिलीत येतात, तेव्हा त्यांच्या घरची बोली एक आणि पुस्तकातली मराठी दुसरी असते. वसईच्या पट्ट्यात घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे मूल इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात बसते, तेव्हाही अंतर तेच, किंबहुना अधिक. मूल गप्प बसते. न शिकलेली नजर म्हणते, 'मंद आहे.' भाषा आणि विचार यांच्या नात्याविषयी रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी जे मांडले, ते वाचलेली नजर विचारते, 'याला वस्तू माहीत नाही की तिचे माझे नाव माहीत नाही?' २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातील अनेक भाषांना साधनसंपत्ती मानले आणि २०२० च्या धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले. वर्गात हे कसे उतरवायचे, ते धोरणात सापडत नाही. ते शिक्षकानेच शोधायचे असते.

येथेच प्रबंधिकेचा उपयोग येतो. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रबंधिकेची भीती वाटते आणि ते एखादा घिसापिटा विषय निवडतात : अमुक तालुक्यातील शिक्षकांचा तमुक गोष्टीकडे पाहण्याचा दृष्टिकोन, शंभर प्रश्नावल्या, टक्केवारीचे तक्ते. असे काम वाचायला कोणी जात नाही. त्याऐवजी आपल्याच वर्गातली, रोज छळणारी एक अडचण निवडावी. चौथीतील किती मुले वजाबाकीत हातचा घेताना चुकतात आणि नेमकी कोणती चूक करतात? बोलीतील पन्नास शब्दांची यादी भिंतीवर लावल्यावर पहिलीतील मुले अधिक बोलू लागतात का? नियमित विद्यार्थ्याला असा वर्ग मिळवायला परवानग्या काढाव्या लागतात. आपल्याला तो रोज सकाळी मिळतो. नोकरीमुळे आपल्याकडे वेळ कमी असतो हे खरे, पण अभ्यासाचा कच्चा माल मात्र भरपूर असतो.

याच पालघर जिल्ह्यात १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालपणीच विधवा झालेल्या, शिक्षिकेची नोकरी करता करता रात्रीच्या शाळेत शिकून मॅट्रिक झालेल्या. कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम करत असताना, दृष्टी अधू होत चाललेली असताना, १९६१ मध्ये वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या पदवीधर झाल्या. त्या पदवीने त्यांना कोणती वेतनश्रेणी मिळाली नाही. बालवाडीचे जे काम त्यांनी त्या टेकडीवर उभे केले, ते पाहायला देशभरातून माणसे येत राहिली. पन्नाशीला आलेले कोणी वयाची सबब सांगू लागले की, आम्ही त्यांना कोसबाडचा रस्ता दाखवतो. डहाणूहून तो दूर नाही.

शाळांच्या व्यवस्थापनांकडेही, म्हणजे काही अंशी आमच्याच धर्मगुरू-बांधवांकडे आणि धर्मभगिनींकडे, एक विनंती आहे. शिकणाऱ्या शिक्षकाला परीक्षेच्या आठवड्यात पर्यवेक्षणाच्या कामातून सूट देणे, वेळापत्रकात त्याचा एखादा मोकळा तास शेवटी ठेवणे, शाळेच्या ग्रंथालयात शिक्षणविषयक दहा चांगली मराठी पुस्तके आणणे, यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे २०२० च्या धोरणात म्हटले आहे. शिक्षक स्वखुशीने त्याच्या दसपट तास देत असेल, तर त्याने प्रबंधिकेत जे शोधले, ते एका शनिवारी सहकाऱ्यांपुढे मांडायला सांगावे.

शेवटी प्रवेशाच्या वेळची काळजी. विद्यापीठाला मान्यता असणे पुरेसे नाही. त्या अभ्यासक्रमाला, त्या शैक्षणिक वर्षासाठी आणि त्या पद्धतीने शिकवण्याची मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहावे. मुक्त किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी २०२४ पासून विद्यार्थ्याला आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतःचा डी.ई.बी. ओळख क्रमांक काढावा लागतो. तो दुसऱ्या कोणाला काढू देऊ नये आणि पासवर्ड आपल्याजवळच ठेवावा. विद्यापीठांना आपले अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवायला देण्यास मनाई आहे. तेव्हा स्टेशनबाहेरच्या एखाद्या गाळ्यात 'येथे सर्व विद्यापीठांचे प्रवेश' अशी पाटी दिसली, तर पुढे चालू लागावे. शुल्क विद्यापीठाच्या खात्यातच भरावे आणि पावती घ्यावी. नाव बी.एड.च्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि सेवापुस्तकात एकसारखे आहे ना, हे आधीच तपासावे. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदललेल्या आणि बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेतले दुसरे असलेल्या भगिनींची अडवणूक बहुधा याच कारणाने होते. राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घेण्यास वेळ लागतो. अर्जाची मुदत सुरू होण्याची वाट न पाहता ते काम आधी उरकावे, शाळेकडून शिक्षणासाठीचे ना-हरकत पत्र लेखी घ्यावे आणि त्याची एक प्रत घरच्या फाइलीत ठेवावी.